पोर्चमधला ऑइल चेंज: टर्बो पेट्रोल गाडीखाली पहिल्यांदा शिरणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या ऑइल चेंजमध्ये इंजिनात तीनशे मिली ऑइल जास्त गेलं, आणि दोष आमच्या पोर्चच्या फरशीचा होता.

आमचं घर इंदूरला सुदामानगरात. बांधकामाच्या वेळी बाबांनी गवंड्याच्या मागे लागून पोर्चला फाटकाकडे ढाळ काढून घेतला होता, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. गाडी आम्ही घराकडे तोंड करून लावतो, म्हणजे नाक वर आणि शेपूट खाली. माझ्या गाडीत डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची काडी, इंजिनच्या पुढच्या अंगाला आहे. ऑइल सरकलेलं मागे, त्यामुळे काडीवर पातळी कमी दिसली. मी ओतत गेलो आणि आणलेलं सहा लिटर संपवूनच थांबलो. मॅन्युअलमध्ये आकडा होता ५.७ लिटर. तो मी आदल्या रात्री वाचलाही होता, पण ऐन वेळी कागदापेक्षा काडीवर भरवसा ठेवला.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २०१७ मध्ये भारतात आलेली, सेकंडहँड घेतलेली. २.० लिटरचं टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, ६-स्पीड डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. खालचे आकडे या गाडीचे आहेत. तुमची पोलो जीटी असो, आय२० एन लाइन असो की आणखी काही, पायऱ्या बऱ्याचशा त्याच, पण आकडे तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. आणि गाडी वॉरंटीत असेल तर हा उद्योग सध्या करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढेमागे इंजिनचा दावा करायची वेळ आली तर घरच्या कामाचा पुरावा देत बसावं लागेल.

१. कधी बदलायचं

कंपनी सांगते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मी साडेसात हजाराला बदलतो. माझी गाडी बहुतेक पलासिया-रीगल-राजवाडा अशी शहरातच तुकड्यातुकड्यांत चालते. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, इंजिनात अशा वेळी थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होत जातं. शिवाय टर्बोचा, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही याच ऑइलच्या थरावर तरंगत. मानपूरचा घाट जोरात चढून आल्यावर ऑइलनं काय सोसलं असेल, याचा अंदाज त्यावरून करा.

पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ साली सुरू झालेला. माझी गाडी तिथं गेलेली नाही (मनात फार आहे). पण कुठल्याही ट्रॅकवर दिवसभर गाडी पिदवून आणलीत तर किलोमीटर मोजत बसू नका, आल्यावर ऑइल बदला.

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, हा समज मात्र सोडा. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. काडी हुंगल्यावर पेट्रोलचा वास आला तर ते जास्त काळजीचं.

२. कोणतं ऑइल

दुकानदार विचारतो, "फाइव्ह-डब्ल्यू-फोर्टी देऊ का?" आपण हो म्हणतो आणि तिथंच फसतो. ५डब्ल्यू-४० हा फक्त दाटपणाचा आकडा. आधीचा ५ थंडीतल्या वागण्याचा, पुढचा ४० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं त्याचा. त्यात गुणवत्ता कुठेच सांगितलेली नाही.

बघायचं ते डब्याच्या मागचं बारीक अक्षर. माझ्या गाडीला व्हीडब्ल्यू ५०२ ०० ही मान्यता लागते (व्हीडब्ल्यू म्हणजे फोक्सवॅगन, स्कोडाची मूळ कंपनी). त्यातही शब्दांचा खेळ असतो. 'अप्रूव्हल व्हीडब्ल्यू ५०२ ००' लिहिलं असेल तर कंपनीनं ते ऑइल तपासून मंजूर केलेलं आहे. 'मीट्स रिक्वायरमेंट्स' लिहिलं असेल तर ऑइल बनवणारा स्वतःच सांगतोय की आमचं चालेल. मी पहिलंच घेतो, दोनशे रुपये जास्त गेले तरी.

दुसरं, एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा) गुणवत्तेचा वर्ग बघा. एसएन प्लस (२०१८) किंवा एसपी (२०२०) असावा. हे वर्ग आणण्यामागे टर्बो इंजिनांचाच एक आजार होता. कमी आरपीएमला जोरात ॲक्सिलरेटर दाबला की ठिणगी पडायच्या आधीच सिलिंडरमध्ये स्फोट होतो. तो इतका जबर असू शकतो की पिस्टनचा तुकडा उडतो. डीएसजीला लवकर वरचा गिअर टाकायची सवय असल्यामुळे आपण नेमके त्याच टापूत गाडी चालवत असतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे हा त्रास वाढतो असं आढळलं, म्हणून नव्या वर्गांच्या ऑइलमध्ये कॅल्शियमचा बराच वाटा मॅग्नेशियमला दिला गेला.

बनावट ऑइलपासून जपा. खरे रिकामे डबे भंगारातून उचलून त्यात वाटेल ते भरून विकण्याचा धंदा देशभर चालतो. कंपनीच्या वितरकाकडूनच घ्या, पक्कं बिल मागा, झाकणाची सील आणि डब्यावरचा क्यूआर कोड दुकानातच तपासा. स्वस्त मिळतंय म्हणून हुरळू नका.

फिल्टर मूळ स्कोडाचा घ्या, नाहीतर मान, माहले, बॉश या ब्रँडांपैकी. गाडीचं नाव सांगून मागू नका, चेसिस क्रमांक सांगून मागा. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांत फिल्टर बदललेला असतो.

३. सामान

मला बहुतेक सगळं सियागंज बाजारात मिळालं. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरावीक जोरानं आवळायचा पाना, तेवढा ऑनलाइन मागवला.

- ऑइल ६ लिटर (लागणार ५.७, उरलेलं डिकीत ठेवा)
- फिल्टर, त्याच्या झाकणाची नवी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं (बहुतेक फिल्टरच्या खोक्यातच असते)
- चेंबरचा (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा) नवा ड्रेन बोल्ट वॉशरसकट
- ३२ मिमीची गोटी (सॉकेट) फिल्टरच्या झाकणासाठी, १९ मिमीची ड्रेन बोल्टसाठी
- टॉर्क्स बिट, टी-२५ आणि टी-३०, खालच्या कव्हरच्या स्क्रूंसाठी
- टॉर्क रेंच, ज्यावर २० ते ५० न्यूटन-मीटर नीट वाचता येतील असा. चाकांच्या नटांचा मोठा रेंच इथं कामाचा नाही
- बुटका ट्रॉली जॅक आणि ३ टनाची दोन जॅक-स्टँड (मिस्त्री ज्यांना घोडी म्हणतात ती)
- आठेक लिटर मावेल असं पसरट घमेलं, नरसाळं, मापाचा मग
- नायट्राइल हातमोजे, चष्मा, जुनी फडकी, फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा
- लाकडाचा भुसा. हा विसरलात तर आईच्या रांगोळीच्या डब्यावर पाळी येते. ऑइल ती शोषते, पण नंतर काय ऐकावं लागतं ते इथं लिहीत नाही

ड्रेन बोल्ट विकत घेण्याआधी एकदा गाडीखाली वाकून बघा. याच जातीच्या इंजिनांवर दोन तऱ्हेचे चेंबर येतात. धातूच्या चेंबरला साधा षट्कोनी बोल्ट असतो. प्लॅस्टिकच्या चेंबरला खाच असलेला प्लॅस्टिकचा प्लग असतो, तो थोडासा फिरवला की निघतो, आणि तो एकदाच वापरायचा. माझा धातूचा आहे, पुढचं सगळं त्याचंच.

४. जागा सपाट करा

गवंड्याची पाणसळ किंवा मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवून बघा. बुडबुडा मध्यावर नसेल तर आमच्यासारखाच ढाळ आहे. मी आता मागच्या दोन्ही चाकांखाली दीड-दीड इंचाच्या दोन-दोन फळ्या टाकतो आणि गाडी त्यांवर चढवतो. रस्त्यावर गाडी काढून मोजू म्हणाल तर रस्त्यालाही कडेकडे उतार असतोच.

वेळ सकाळची. मे महिन्यात अकरानंतर पोर्चची फरशी पाठ भाजते.

५. वरून सुरुवात: फिल्टर

गाडी दहा मिनिटं फिरवून आणा आणि पंधरा मिनिटं उभी ठेवा. कोमट ऑइल पटकन वाहतं, तापलेलं ऑइल हात भाजतं.

बॉनेट उघडा, ऑइल भरायचं झाकण काढून त्या भोकावर स्वच्छ फडकं टाका. या इंजिनात फिल्टर वरच्या बाजूला उभा बसवलेला आहे, म्हणून गाडी उचलायच्या आधीच तो सैल करता येतो. ३२ ची गोटी लावून झाकण दोन-तीन फेरे फिरवा आणि पाच मिनिटं तसंच सोडा. आतलं ऑइल आपोआप खाली चेंबरमध्ये उतरतं. लगेच उपटलात तर सगळीकडे धार लागते.

मग झाकण फिल्टरसकट वर काढा. जुनी ओ-रिंग झाकणाच्या खाचेतून नखानं किंवा प्लॅस्टिकच्या काडीनं काढा, स्क्रूड्रायव्हर घालू नका, खाचेला ओरखडा गेला की तिथून पाझर सुरू. रिंग खरोखर निघाली ना, ते डोळ्यांनी बघा. जुनीवर नवी चढवली की गाडी चालू केल्याबरोबर ऑइल बाहेर. नव्या रिंगला बोटानं नवं ऑइल चोपडा. फिल्टर झाकणात दाबताना 'टक्' असा आवाज आला पाहिजे.

झाकण हातानं बसवा, शेवटी टॉर्क रेंच. आकडा माझ्या झाकणावरच कोरलेला आहे: २५ न्यूटन-मीटर. झाकण प्लॅस्टिकचं आहे. "अजून थोडं" असं मनात आलं की रेंच खाली ठेवा.

६. गाडी उचलणं

इथं मात्र घाई करणाऱ्यानं गॅरेजलाच जावं.

ऑक्टाव्हियाची ताकद पुढच्या चाकांना जाते. गिअर 'पी'त टाकला की जखडतात ती पुढचीच चाकं, आणि तीच आपण हवेत उचलणार. म्हणजे नाक वर गेलं की 'पी'चा काही उपयोग उरला नाही. गाडी धरून ठेवतात मागची चाकं, हँडब्रेक आणि चाकांमागचे ठोकळे. फाटकाकडे ढाळ असेल तर हे दुपटीनं खरं. हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना फाटकाच्या बाजूनं लाकडी ठोकळे ठोकून बसवा.

जॅक लावायची जागा दाराखालच्या पत्र्याच्या कडेवर खुणेनं दाखवलेली असते. मधे रबरी पॅड घ्या. एक बाजू उचला, घोडी लावा, मग दुसरी. दोन्ही लागल्यावर जॅक हळू सोडून वजन घोड्यांवर येऊ द्या, मग गाडीला कमरेनं चांगला धक्का देऊन बघा. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. विटा रचून तर अजिबात नाही; वीट तडकण्याआधी आवाज देत नाही. घरात कुणाला तरी सांगून ठेवा की मी खाली आहे. माझी बायको त्या वेळी पोर्चच्या पायरीवर चहा घेऊन बसते आणि दर पाच मिनिटांनी विचारते, "झालं का?" हे मला आवडतं, असं मी तिला सांगितलेलं नाही.

७. ड्रेन

खालचं कव्हर काढा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर गाडीचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथं टोचून ठेवा.

आता सगळ्यात महागडी चूक. खाली दोन बोल्ट दिसतात. ड्रायव्हरच्या बाजूचा, १९ च्या गोटीचा, इंजिनच्या चेंबरचा आहे. गाडीच्या डाव्या अंगाचा, ज्यात ॲलन की बसते, तो डीएसजी गिअरबॉक्सचा आहे. तो उघडून गिअरबॉक्स रिकामा करायचा आणि वरून इंजिनात पुन्हा ऑइल ओतायचं, म्हणजे एक कोरडा आणि दुसरा तुडुंब. अनुभवी हातांकडूनही हे घडतं. गिअरबॉक्सचं ऑइल ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं आणि ते वेगळं काम आहे. शंका आली तर बोल्ट कशाला लागलाय ते बोटानं वरपर्यंत चाचपून बघा.

घमेलं थोडं मागे सरकवून ठेवा, कारण पहिली धार सरळ खाली पडत नाही, हातभर लांब उडते. बोल्ट शेवटचे दोन आटे राहीपर्यंत आतल्या बाजूला दाबत सोडवा आणि झटकन बाजूला घ्या. धार बारीक होईल तसं घमेलं पुढे ओढा. पंधरा-वीस मिनिटं ठिबकू द्या.

तोवर एक बोट त्या ऑइलमध्ये बुडवून उन्हात बघा. चंदेरी चमक दिसली, चिमटीत कण लागले, तर नवं ऑइल ओतण्याआधी जाणत्या मेकॅनिकला दाखवा.

नवा बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवा. चार-पाच आटे सहज गेले तरच पुढे. अडला तर काढून पुन्हा लावा, पाना लावून रेटू नका. मग ३० न्यूटन-मीटर. म्हणजे फूटभर दांड्याच्या टोकाला साधारण दहा किलोचा जोर, बस. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर त्याचे आटे मेले की नवा चेंबर घ्यावा लागतो. आणि या गाडीचा चेंबर यायला किती दिवस लागतात, ते ज्यानं वाट पाहिली त्याला विचारा.

८. भरणं

कव्हर अजून लावू नका. गाडी खाली उतरवा, सपाट करा.

आधी पाच लिटर ओता. दहा मिनिटं थांबा. मग मापाच्या मगनं अर्धा लिटर. काडी बघा. शेवटचे दोनशे मिली गाडी एकदा चालू करून बंद केल्यानंतर, शंभर-शंभर करत. खालून निघताना थोडं जुनं ऑइल आतच राहिलेलं असतं, म्हणून मॅन्युअलचा आकडा ही वरची हद्द समजा. काडी 'मिन' आणि 'मॅक्स'च्या मध्याच्या थोडी वर आली की माझं समाधान होतं.

जास्त झालं तर काय? माझ्या बाबतीत दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपाच्या सपाट जागेवर काडी बघितली तेव्हा कळलं. पातळी जास्त वर गेली की फिरणारा क्रँक (पिस्टनांनी फिरवलेला इंजिनचा मुख्य दांडा) ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेस पंपातून बेअरिंगपर्यंत धड पोचत नाही. गाडी तशीच दामटू नका. मी मेडिकलमधून ६० मिलीची सिरिंज आणि सलाइनची नळी आणली, नळी डिपस्टिकच्या भोकातून आत सोडली आणि पाच वेळा ओढून तीनशे मिली काढलं. मेडिकलवाल्यानं विचारलं, "पेशंट कोण?" मी म्हटलं, पोर्चमध्ये उभा आहे.

९. चालू करून बघणं

झाकणं, काडी, फडकी सगळं जागेवर आहे ना, हे मोजून बघा. इंजिनवर विसरलेलं फडकं पेट घेऊ शकतं.

स्टार्ट करा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. ऑइल प्रेशरचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दहा सेकंदांतही नाही विझला तर लगेच बंद. टर्बोपर्यंत ऑइल पोचायला क्षणभर लागतो, त्या क्षणात रेस देणं म्हणजे त्याला कोरडा पळवणं. दोन मिनिटं आयडलवर ठेवा आणि टॉर्च घेऊन फिल्टरचं झाकण वरून, बोल्ट बाजूनं वाकून बघा. बंद करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा काडी.

सगळं कोरडं दिसलं तर गाडी पुन्हा घोड्यांवर घेऊन कव्हर लावा. हो, दुसऱ्यांदा उचलायची, तेवढ्याच काळजीनं. सर्व्हिसची आठवण रीसेट करायची कृती मॅन्युअलमध्ये असते, किंवा गाडीच्या संगणकाला जोडायच्या ओबीडी साधनानं होते. बिलं, फिल्टरच्या खोक्याचा फोटो आणि मीटरवरचे किलोमीटर एका वहीत लिहून ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक तेच मागतं.

१०. जुन्या ऑइलचं काय

इंदूरमध्ये घंटागाडीत कचरा सहा प्रकारांत वेगळा द्यावा लागतो. ऑइलनं माखलेली फडकी आणि मोजे घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात, पिशवीत बांधून. पण पाच लिटर ऑइल त्यात जात नाही, आणि गटारात तर मुळीच नाही. आपली गटारं शेवटी कान्ह नदीलाच मिळतात. वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी ऑइल कंपन्यांवरही आली आहे.

मी ते नरसाळ्यानं रिकाम्या डब्यांत भरतो. भरताना किती लिटर निघालं ते त्याच वहीत टिपतो. दर वेळी कमी निघत असेल तर इंजिन ऑइल पितंय. मग डबे ओळखीच्या गॅरेजमध्ये नेतो, जिथून अधिकृत रिसायकलरची गाडी ड्रम उचलते. द्यायच्या आधी विचारा की ड्रम कोण नेतं. साखळीला चोपडायला किंवा भट्टीत जाळायला नेणारेही असतात, त्यांना देऊ नका.

ऑइल त्यांच्या ड्रममध्ये ओतून झालं की रिकामे डबे परत आणा आणि भंगारवाल्याला देण्याआधी प्रत्येकाच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडा, झाकणाची सील फाडून टाका. आमचा भंगारवाला भोकाच्या डब्याला अर्धाच भाव देतो. तो का, हे मी त्याला एकदा विचारलं होतं. त्यानं हसून तराजू उचलला.